गिटारची भणभण, तंबोऱ्याची जवारी आणि जगभरच्या तारा

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका घरात आजोबांचा मिरजेचा जुना तंबोरा आहे. काही वर्षं माळ्यावर पडून होता. आता खाली काढून तार छेडली तर नुसतं टण्ण वाजतं आणि विझतं, आस (मागे रेंगाळणारा नाद) म्हणून राहत नाही. घरातली मुलगी शास्त्रीय गाणं शिकते. तिच्यासाठी तो दुरुस्त करून घ्यावा की सरळ इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणावा? तिचा भाऊ गिटार शिकतो, आणि त्याने वेगळंच विचारलंय: गिटारची तार भणभणली की सर म्हणतात बिघाड झाला, मग तंबोऱ्यात तीच भणभण मुद्दाम कशाला आणतात? जगात आणखी कुठे असं करतात का?

मुलाचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर नीट कळलं की आजोबांच्या तंबोऱ्याचं काय करायचं तेही कळेल. बेळगावात तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि जवारी हाच माझा धंदा आहे. तंबोरे, सतारी, भजनी मंडळांच्या वीणा, आणि हल्ली सगळ्यात जास्त गिटार माझ्याकडे येतात. त्यामुळे दोन्ही तक्रारी, 'भणभणतंय' आणि 'भणभणत नाही', मी एकाच टेबलावर ऐकतो.

गिटार जवळ घ्या आणि तार खालच्या बाजूला जिथे टेकते तिथे बघा. हाडाची किंवा प्लास्टिकची एक पातळ पट्टी उभी असते. तार तिच्या माथ्यावरून जाते आणि तिथेच तिची हद्द संपते. व्हायोलिनचं तेच, मँडोलिनचंही तेच. आता तंबोऱ्याची घोडी बघा. तिचा माथा इंचभर तरी रुंद असतो आणि तार त्यावर पहुडलेली असते. डोळ्याला तो माथा सपाट दिसतो, पण कारागिराने त्याला तारदानाकडून (खाली तारा अडकवतात तिकडून) दांडीच्या बाजूला फार बारीक उतार दिलेला असतो. बोट फिरवलं तरी कळत नाही इतका बारीक. त्यामुळे तार घोडीवरून एकदम सुटत नाही, हळूहळू सुटते. ती थरथरायला लागली की त्या उतारावर टेकते, उठते, परत टेकते, आणि टेकण्याची जागा सारखी पुढेमागे होत राहते. दर टेकण्याला तारेला बारीकसा धक्का बसतो. त्या धक्क्याने वरचे सूक्ष्म स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात, म्हणून आवाज विझत न जाता उमलत जातो. हा उतार घासून जुळवणं म्हणजे जवारी काढणं.

तंबोऱ्याचं एवढ्यावरही भागत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवतात. तो केसभर इकडे-तिकडे केला की मिटलेला आवाज अचानक उघडतो. आणखी केसभर सरकवला की परत मिटतो. गायला बसण्याआधी गवई मंडळी जी पाच-दहा मिनिटं तंबोऱ्याशी खटपट करतात, त्यातला बराच वेळ या दोऱ्यात जातो. सुळेभावीत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे त्यांच्या मैफली ऐकलेले लोक आजही सांगतात.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली नेमक्या याच गोष्टीवर शोधनिबंध लिहिला. नोबेल मिळण्याआधी नऊ वर्षं, कलकत्त्यात काम करत असताना. युरोपात थॉमस यंग यांच्यापासून चालत आलेला एक नियम होता: तार ज्या जागी छेडाल, त्या जागी ज्या उपस्वरांचा (म्हणजे त्या वरच्या सूक्ष्म स्वरांचा) न हलणारा, स्थिर बिंदू येतो ते उपस्वर आवाजात नसणार. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर त्यात वरचा षड्ज ऐकू येता कामा नये. रामन यांनी दाखवलं की आपला तंबोरा आणि आपली वीणा हा नियम पाळत नाहीत, आणि कारण आहे घोडीचा वक्र माथा व तंबोऱ्यातला तो दोरा. मुलाला हे घरी करून बघता येईल. गिटारची मोकळी तार बाराव्या पडद्याच्या बरोबर वर छेडायला सांगा. आवाज गोल पण पोकळ येईल. जवारी लागलेल्या तंबोऱ्याची तार मध्यावर छेडली तरी आवाज भरलेलाच येतो.

हे वरचे स्वर गाणाऱ्याच्या कशा उपयोगाचे? खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार सबंध थरथरते तेव्हा खरज ऐकू येतो. तीच तार त्याच वेळी २ भागांतही थरथरत असते, त्यातून वरचा सा निघतो. ३ भागांतून पंचम, आणि ५ भागांतून गंधार. हाच तो स्वयंभू गंधार, जो कोणी लावलेला नसतो तरी लागतो. पंचमाच्या तारेतून असेच ऋषभ आणि निषाद निघतात. म्हणजे तंबोऱ्यावर बोटांनी वाजतात फक्त सा आणि प, पण गाणाऱ्याच्या कानाला सप्तकातले इतर मुक्कामही मिळत असतात. आमचं बेळगाव खरं म्हणजे हार्मोनियमचं गाव. विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे अशी माणसं इथे होऊन गेली, आणि त्यांच्या पेटीने गाण्याला काय दिलं ते सांगायला नको. तरीसुद्धा पेटीचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतराने वाटून घेतलेले असतात. शिकाऊ मुलीच्या कानाला हा फरक लहानपणीच कळला तर फार बरं. त्यासाठी घरात बोलता तंबोरा हवा.

आता जगाचं. असं दुसरीकडे करतात का? करतात, आणि वेगवेगळ्या युक्त्यांनी करतात.

जपानमध्ये शामिसेन नावाचं तीन तारांचं, चामडं मढवलेलं वाद्य आहे. त्याच्या वरच्या टोकाला दोन तारा नीट आधारावरून जातात. तिसरी, सगळ्यात खालच्या स्वराची तार मात्र आधार चुकवून दांडीच्या लाकडाला किंचित घासत ठेवतात, म्हणून ती झणझणते. गंमत म्हणजे दुसऱ्या तारा तिच्याशी बरोबर मिळाल्या की त्या वाजवतानाही ही झणकार जागी होते, आणि वाजवणाऱ्याला स्वर लागल्याची पावती मिळते. त्यांच्याच बिवा या वाद्याचे पडदे उंच आणि माथ्याला रुंद असतात. तार त्या रुंद माथ्याला लागत राहते आणि आपल्या जवारीच्या जवळ जाणारा आवाज निघतो. हे बिवा चीनमधल्या पिपा वाद्यावरून आलं, आणि पिपाचे पूर्वज मध्य आशियातून चीनमध्ये गेले.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते इथिओपियाचं बेगेना. दहा तारांची मोठी उभी वीणा, तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत भक्तिगीतांसाठी वाजवतात. तिच्या प्रत्येक तारेखाली, तार आणि घोडी यांच्यामध्ये, चामड्याचा छोटा तुकडा घातलेला असतो. तो पुढेमागे सरकवून झणकार जुळवतात. आपण सुताचा दोरा सरकवतो, ते चामडं सरकवतात. इथिओपिया कुठे, मिरज कुठे, पण तारेला भक्तीच्या गाण्याबरोबर दीर्घ बोलतं ठेवायचं म्हटल्यावर दोन्हीकडच्या कारागिरांचा हात एकाच जागी गेला. ही गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या कोराचाही उल्लेख करायला हवा, कारण तोही आपल्या तंबोऱ्यासारखा भोपळ्याचाच. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं चामडं ताणलेलं, आणि २१ तारा. वंशपरंपरेने इतिहास गाणारे लोक तो दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या वापरून वाजवतात. त्याच्या उंच घोडीवर पूर्वापार पत्र्याची एक चकती बसवत आले आहेत. तिच्या कडेला तारेच्या बारीक कड्या असतात, वाद्य वाजलं की त्या थरथरतात. अमेरिकेतला बेंजोही मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तिकडे नेला, आणि सुरुवातीचे बेंजो भोपळा आणि चामड्याचेच असत. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याचा उगम जपानमध्ये, १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या तायशोगोतो या वाद्यात आहे. भारतात येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं.

आणि युरोप? मुलाला वाटत असेल की तिकडे पहिल्यापासून स्वच्छ आवाजच आवडत होता. तसं नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिकडच्या हार्पना लाकडाच्या वाकड्या खुंट्या असत, त्या मुद्दाम तारेला टेकवून ठेवत, म्हणजे तार झणझणे. एकच तार असलेलं, माणसाच्या उंचीएवढं, गजाने वाजवायचं ट्रोम्बा मरिना नावाचं वाद्य होतं. त्याच्या घोडीचा एक पाय सैल ठेवलेला असे, तो तबलीवर (वाद्याच्या वरच्या लाकडी पाटीवर) थडथड वाजे. चाक फिरवून वाजवायच्या हर्डी-गर्डीत आजही तसाच सैल पायाचा घोडा असतो, आणि मनगटाला हिसका दिला की तो तालात भणभणतो. म्हणजे युरोपला हा आवाज माहीत होता आणि आवडतही होता. पुढे त्यांच्या मुख्य वाद्यांतून तो गेला.

का गेला, याचं माझं उत्तर असं आहे. गिटारवर एका वेळी पाच-सहा तारा मिळून एक कॉर्ड वाजते. प्रत्येक तारेने आपल्या वरच्या स्वरांचा असा मोठा परिवार बरोबर आणला तर ते परिवार एकमेकांत भांडतील आणि कॉर्ड गढूळ होईल. आपल्याकडे सगळं गाणं एका षड्जाभोवती फिरतं, त्यामुळे तो षड्ज जितका भरलेला तितका चांगला. पण एवढ्यानेही सगळं सुटत नाही. अरबांचा ऊद घ्या, इराणचा 'तार' नावाचा घ्या, दोन्ही तंतुवाद्यंच. तिथेही एकच सुरावट चालते, कॉर्ड नाहीत, तरी त्यांना झणकार नको असते. ऊदला पडदे नाहीत आणि आस कमी. त्याचं सौंदर्य नखीच्या जलद आघातांत आहे. इराणी तार तुतीच्या लाकडाचा, वर कोकराचं पातळ चामडं, त्याचा आवाज टोकदार आणि लवकर विझणारा. तिथे आस लांबवायची नसते, आघात दाखवायचे असतात. शेवटी ज्या त्या गाण्याला जे हवं ते घोडीवर ठरतं. आपल्या सतारीतही हे दिसतं. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद. गायकी अंगाने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घ्यायची तर स्वर गोळीबंद हवा म्हणून खाँसाहेबांनी ती मिटवत नेली. वाद्य एकच, पण घोडीवरच्या कानशीच्या दोन-चार हातांनी वादकाचं घराणं ओळखू येतं.

तरफांचंही थोडं सांगतो. मुख्य तारांखाली न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा आपल्या सतारीत, सरोदमध्ये असतात, आणि सारंगीत तर तीसच्या वर. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलमध्येही तशा चार-पाच तारा मुख्य तारांखालून जातात. ते वाद्य तिकडे लग्नात आणि नाचाला वाजतं.

आता आपल्या मातीतली दोन वाद्यं, ज्यांना घोडीच नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगत्यांच्या हातात चौंडकं असतं. लाकडी नळकांडं, एका बाजूला चामडं, चामड्याच्या मधोमध बांधलेली तात, म्हणजे आतड्याची तार. नळकांडं काखेत दाबून डाव्या हाताने तात कमी-जास्त ताणायची आणि उजव्या हातातल्या लाकडी तुकड्याने छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो-उतरतो, म्हणून चौंडकं जवळजवळ बोलतं. तुणतुण्यात ताण खुंटीने बांधून टाकलेला असतो, त्यामुळे ते एकाच स्वरावर राहतं आणि पोवाड्याला, गोंधळाला पाठीशी उभं राहतं. दोन्हींत तार सरळ चामड्याला बांधलेली, मध्ये काही नाही. वाद्यांचं शास्त्रशुद्ध वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये चौंडक्याला तंतुवाद्य म्हणावं की चर्मवाद्य यावर मतभेद आहेत. मला विचाराल तर ते तारेचंच वाद्य. ज्याचं चौंडकं माझ्याकडे दुरुस्तीला येतं तो 'तात तुटली' म्हणूनच येतो.

बरं, आजोबांचा तंबोरा. फोटो पाहिला. दांडी सरळ दिसते, भोपळ्याला भेग दिसत नाही. मग तो मेलेला नाही. माळ्यावरून काढलेल्या दहापैकी आठ तंबोऱ्यांत आवाज गेलेला असतो तो घोडीमुळे, आणि घोडी हा सगळ्यात सहज सुधारता येणारा भाग.

घरीच तपासा. खोलीत अंधार करा, घोडीच्या पलीकडे पांढरा कागद उभा धरा आणि त्यावर टॉर्च मारा. डोळा घोडीच्या पातळीवर आणून आडव्या बाजूने बघा. तार घोडीवरून सुटते तिथे प्रकाशाची बारीक फट दिसेल. ती शून्यापासून हळूहळू उघडत गेली तर उतार शिल्लक आहे. फट एकदम उघडत असेल तर उतार झिजलाय. मग तारा थोड्या सैल करून बाजूला सरकवा आणि घोडीचा माथा तिरप्या उजेडात बघा. चार तारांच्या जागी चार काळसर रेघा दिसतील. नखाने आडवं ओरखडून बघा, नख अडकलं तर तारेने घोडीत घळ पाडली आहे. त्या घळीत तार बसली की तिला टेकायला-उठायला जागाच उरत नाही आणि तिचा आवाज तुमच्या तंबोऱ्यासारखा टण्ण होऊन विझतो. तीच घळ कडेला तुटकी असेल तर उलट होतं, आवाज कर्कश चिरकतो.

हे काम सुताराकडे देऊ नका, मग तो कितीही चांगला असो. तो माथा सपाट करून देईल, आणि सपाट माथा म्हणजे संपलेली जवारी. जवारी काढणारा आधी कानशीने सगळ्या घळी जातील एवढाच थर उतरवतो, मग पात्याने खरवडतो, मग बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून एकाच दिशेने फिरवतो. दर दोन-चार हातांनंतर तार चढवून, स्वरात आणून ऐकावंच लागतं, कारण ढिल्या तारेवर जवारी कळत नाही. आधी जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा सारख्या बोलत्या करायच्या, मग पंचम, शेवटी खरज. खरजाची तार जाड, तिचा झोल मोठा, म्हणून तिच्याखालचा उतार किंचित जास्त लागतो. चारही तारा एका सुरात उमलल्या की काम झालं. चांगला कारागीर हे घाईत करून देत नाही, तुम्हीही त्याला घाई करू नका.

जुनी घोडी फेकून देऊ नका. आजोबांच्या काळच्या घोडीवर बहुतेक सांबरशिंग किंवा हाड असतं. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यापासून शिंगाच्या व्यापारावर निर्बंध आले, आज बाजारात शिंग मिळत नाही आणि कुणी देतो म्हणाला तर घेऊ नये. नव्या घोड्या उंटाच्या हाडाच्या, काळ्या लाकडाच्या किंवा फायबरच्या येतात. फायबर लवकर झिजत नाही हे खरं, पण आवाज माझ्या कानाला जरा कोरडा लागतो. जुन्या घोडीत अजून दोन-तीन वेळा घासण्याइतका जीव असेल तर तीच ठेवा.

तंबोरा मिरजेला न्यायचा विचार असेल तर जरूर न्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांनी, फरीदसाहेबांपासून वाद्यांना हात घातला आणि पुढच्या पिढ्यांनी गल्लीच उभी केली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले, त्यामुळे कारागिरांना रोज ऐकून सांगणारे कान मिळाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. बेळगावहून मिरज रेल्वेने सोपं, पण नेताना एवढं करा: तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते, म्हणून आधी तिच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलने खूण करा. तारांखाली मऊ फडकं घाला, गवसणी चढवा, आणि डब्यात भोपळा तुमच्या मांडीकडे ठेवा. वरच्या फळीवर टाकायचा नाही.

मुलीच्या सुराबद्दल सावध करतो. तुमचा तंबोरा पुरुषी मापाचा आहे, पाच फुटांच्या आसपास. आजोबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गात असणार. मुलगी काळी चारमध्ये गाते असं लिहिलंत. त्याच तारा काळी एकवरून काळी चारवर ओढल्या तर ताण सव्वादोन पटीने वाढतो. तारा तुटतील ते परवडलं, पण त्या नाही तुटल्या तर दांडी वाकेल किंवा तबली बसेल, आणि त्याला मग इलाज महाग. साधा एक पूर्ण स्वर चढवला तरी ताण सव्वापट होतो, हे लक्षात ठेवा. पातळ तारा घालून थोडं वर नेता येतं, पण इतकं नाही. मुलीच्या रोजच्या रियाजाला साडेतीन-चार फुटांचा बायकी तंबोरा लागेल. आजोबांचा तंबोरा दुरुस्त करून त्याच्या मूळ सुरात ठेवा, मुलीला खर्जाचा अभ्यास करताना आणि कान घडवताना तो उपयोगी पडेल, आणि घरात दुसरा कोणी गाणारा निघेलच.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला मी नावं ठेवत नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो बनवला, आणि प्रवासात, क्लासला जाताना, एकट्या शिकणाऱ्याला त्याने मोठी सोय केली. आता तर मोबाइलवरही मिळतो. पण त्यात लावायचं काहीच नसतं. बटण दाबलं की सूर हजर. तंबोरा लावताना पंचम किंचित उतरलेला आहे की चढलेला, जोड एकमेकांत विरघळली की अजून लाट येते, सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी खाली सरकवायचा की वर, हे रोज ऐकत राहावं लागतं, आणि तोच रियाजाचा पहिला भाग आहे. सोय म्हणून यंत्र घ्या. त्याच्या भरवशावर आजोबांचा तंबोरा परत माळ्यावर टाकू नका, हे मात्र माझं कळकळीचं म्हणणं आहे.

हवेचं बघा. आपल्या जिल्ह्यात दोन टोकं आहेत. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, आणि अथणीकडे उन्हाळ्यात लाकूड तडकतं. तुम्ही ओल्या बाजूला आहात. मृगापासून गणपतीपर्यंत खुंट्या फुगून घट्ट बसतात, त्या पकडीने फिरवू नका, मान तुटते. उन्हाळ्यात त्याच खुंट्या घसरतात, तेव्हा खडू घासा. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कापडी गवसणीत ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर आत घाम धरून भोपळ्याला कीड लागते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. घोडीला तेल, पॉलिश, काही लावायचं नाही.

तुमच्या गावच्या भजनी मंडळाच्या वीणेचंही याच ओघात सांगतो, कारण सप्ताहानंतर माझ्याकडे वीणांची रांग लागते. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, पहाऱ्याला एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्रंदिवस किती हात लागतात आणि किती घाम, याचा हिशोब नाही. पोलादी तार त्या घामाने गंजते, गंजलेली तार घोडी खाते, आणि मग कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल ती जाड तार आणून चढवतो. ती तार सुरात यायला इतका ताण मागते की वर्षभरात तबली खाली बसते. सप्ताह संपला की तारा बदला, आणि वाद्याच्याच तारा घ्या. जोडाला साधारण ०.३ मिलिमीटरची पोलादी, खरजाला पितळेची. खर्च फार नाही.

राहिली मुलाची गिटार. ती पावसाळ्यात भणभणायला लागली असेल तर घाबरू नका. दमट हवेने लाकूड हलतं, मान थोडी सरळ होते आणि तार पडद्यांना लागते. आतल्या लोखंडी दांडीचा आटा पाव वळसा सैल केला की बहुतेक वेळा जातं, पण हे माहीतगाराकडून करून घ्या, आणि आधी कोणता पडदा लागतोय ते एकेक पडदा दाबून शोधा. एकच पडदा दाबल्यावर भणभण असेल तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा वर आलाय. सगळ्या तारांवर पहिल्या पाच पडद्यांत असेल तर मान. मोकळ्या तारेवरच असेल तर वरच्या टोकाची पट्टी झिजली आहे. तंबोऱ्याच्या नव्या जवारीला मात्र उलटं करावं लागतं: दुरुस्तीहून आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस तो रोज सुरात लावून ठेवा, तारा ताणून बसल्या की दोरा पुन्हा जुळवा, आणि त्यानंतरही एखादी तार मिटलेली राहिली तर तशीच कारागिराकडे परत न्या. एवढा हात तो त्याच पैशांत फिरवून देतो.